वास चोरणारी पाखरं

"आधीच सांगतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण या माळावर एकदा असं द्राक्ष पिकलं होतं, की त्याच्या वासानं एस.टी. थांबायची."

एवढं बोललो आणि चहाचा कप तोंडाला लावला. ही माझी जुनी खोड. पहिलं वाक्य टाकायचं आणि चहा प्यायचा. समोरच्याला राहवत नाही.

"थांबायची म्हणजे? ड्रायव्हर थांबवायचा?" सबनीसबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर कशाला? कंडक्टर घंटी मारायचा. कुणाच्या तरी पिशवीत अत्तराची बाटली फुटली म्हणून. सगळी गाडी खाली उतरवायचा आणि एकेक पिशवी हुंगायचा. एकदा तर एका नव्या नवरीच्या ट्रंकेवरून वऱ्हाडाची आणि त्याची हातघाई झाली. भर फाट्यावर. विचारा कुणालाही."

"कुणाला विचारू?"

"तेवढं एक अवघड आहे. त्यातलं आता कुणी उरलं नाही."

सबनीस खो खो हसले. नवरा-बायको ठाण्याचे. दिवाळीची सुट्टी काढून आमच्याकडे उतरले होते. माझा मुलगा सुदाम, त्यानं या माळावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. लोक दिवसभर दिंडोरीकडचे वाइनचे कारखाने बघत हिंडतात आणि संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसतात. सूनबाई गरम थालीपीठं देते आणि मी थापा देतो. सुदाम म्हणतो, फोनवर खोली मागतानाच लोक विचारतात, "अण्णा आहेत ना?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला ही गोष्ट सांगायचीच नव्हती. मी विहिरीतल्या मगरीची काढली होती. पण सबनीसबाईंची कुणी मैत्रीण आदल्या वर्षी येऊन गेलेली. "ते नाही, आम्हाला वासाच्या द्राक्षाचीच हवी," म्हणून त्या हटूनच बसल्या.

मी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर माझी धाकटी बहीण अनुसया मेथी निवडत बसली होती. भाऊबीजेला आली, की ओवाळून त्याच संध्याकाळी लेकीकडे सटाण्याला परत जाते ती. या वर्षी जावयाची गाडी बिघडली, म्हणून राहिली होती. ही गोष्ट मी किती पाहुण्यांना सांगितली त्याला गणती नाही, पण अनसू समोर असताना कधी नाही.

"सांग ना दादा," ती मेथीच्या जुडीचा दोरा सोडत म्हणाली. "एवढं म्हणतात तर. मी पण ऐकते."

झालं. मग सांगावीच लागली.

आता त्या द्राक्षाकडे यायचं, तर आधी माझ्याकडे यावं लागतं. तेव्हा या पंचक्रोशीत रंगनाथ बोरस्ते म्हटलं, की लोकांना एकच गोष्ट आठवायची. मणी. द्राक्ष सगळेच लावायचे, पण मणी फुगवावा तो रंगनाथनं. मणी ज्वारीच्या दाण्याएवढा असताना घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा असतो. मगात पाणी घ्यायचं, तो घडाखाली धरायचा, घड आत, घड बाहेर, पुढचा घड. आठवड्यानं पुन्हा. मणी फुगतो, देठही जाड होतो. औषध सगळे एकाच दुकानातून आणायचे. पण कोणत्या दिवशी बुडवायचं आणि किती कडक करायचं, ते विचारायला गावोगावची माणसं माझ्या दारात बसायची. मी मणी दोन बोटांत धरायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "परवा. सकाळी." काही लोक म्हणायचे, रंगनाथ नुसता बागेतून चालत गेला तरी मणी फुगतात. मी कधी नाही म्हटलं नाही.

"आणि घड कोण बुडवायचं?" ओट्यावरून अनसू म्हणाली.

"ही. ही बुडवायची," मी कबूल केलं. "लहानपणापासून माझ्या बागेत हिचेच हात. हिच्यासारखं घड बुडवणारं माणूस नव्हतं."

अनसूचा नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी, कविता. सासरी निभाव लागेना, म्हणून माघारी आली. कविताला इथंच वाढवून सटाण्याला दिली. आमचे वडील तेव्हा होते. ते म्हणाले, माळावरचा तुकडा अनसूचा. बोलले आणि थोड्याच दिवसांत गेले. कागदावर सगळं रान माझ्या नावावर, पण वडिलांचा शब्द चारचौघांत झालेला. तुकडा कसला, नुसता मुरूम. तिथं कुसळं उगवायची, तीसुद्धा नाराजीनं. मी अनसूला सांगितलं, "बाई, तुझ्यानं तिथं काही पिकलं, तर रान तुझं. मी मधे येणार नाही. नाही पिकलं, तर मुकाट घरात राहायचं. घर काय परकं आहे का?"

ती म्हणाली, "पिकवून दाखवते."

तेवढ्यात गावात डिमेलो आले. वसईचा माणूस, एका वाइन कारखान्यात कामाला. मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. दिसायला सडपातळ, पण नाक असं, की आधी नाक यायचं आणि मागून डिमेलो. ज्यात त्यात नाक घालायचे. मातीचं ढेकूळ हुंगायचे, पाल्याचा चुरा हुंगायचे. एकदा आमच्या बैलाला हुंगून म्हणाले, "याला काल गूळ दिला होता का?" दिला होता!

"अण्णा, बैल?" सबनीस म्हणाले.

"बैलालाच विचारा."

तर डिमेलोंना एक जात लावून बघायची होती. पांढऱ्या वाइनची. नाव गेवुर्त्झट्रामिनर. ग्रामपंचायतीत त्यांनी ते पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा सरपंचांना वाटलं साहेबांना शिंक आली. त्यांनी रुमाल पुढे केला. शेवटी गावानं तिचं नाव 'जर्मनीण' ठेवलं. चांगल्या काळ्या रानात ती लावायला कुणी तयार होईना. डिमेलोंना उलट मुरूमच हवा होता. अनसू उठून म्हणाली, "माझ्याकडे मुरूमच मुरूम आहे."

रोपं आली. पहिल्या वर्षी नुसता वेल वाढवला. दुसऱ्या वर्षी नमुन्याला म्हणून थोडे घड ठेवले. मी बघायला गेलो आणि मला हसूच आवरेना. घड मुठीएवढा. मणी एवढुसे, आणि रंग ना हिरवा ना काळा. पांढऱ्या वाइनचं द्राक्ष म्हणे, आणि साल गुलाबी, मातकट. म्हटलं, "अनसू, हे द्राक्ष आहे का त्याला देवी आल्यात?"

ती म्हणाली, "खाऊन बघ."

मी एक मणी तोंडात टाकला.

इथं मी नेहमी थोडा थांबतो. त्या दिवशीही थांबलो, पण नेहमीसारखा नाही. ओट्यावर मेथीची पानं खुडण्याचा आवाज चालू होता.

लग्नाच्या मांडवात पूर्वी गुलाबदाणीतून पाणी शिंपडायचे, आठवतं? ते पाणी सदऱ्यावर पडतं, उन्हात सदरा वाळायला लागतो आणि मग जो वास येतो, तो. त्याच्या मागून किसलेल्या आल्याचा. आणि त्याच्याही मागून आणखी कसला तरी, ज्याला आपल्याकडे नावच नाही. डिमेलो म्हणाले, तो लिचीचा. मी लिची बापजन्मात पाहिली नव्हती. वास आठवतो असं आपण म्हणतो, पण वास काही आठवता येत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मान दुसरीकडे वळवली होती. बहिणीसमोर डोळ्यांत पाणी कशाला म्हणून.

"आणि एस.टी.?" सबनीसबाईंनी विचारलं.

"तीच सांगतोय. त्याच वर्षी एस.टी. थांबायला लागली. मधमाश्या तर दुसऱ्या तालुक्यातून मुक्कामाला यायच्या. देवळातल्या गुरवानं तक्रार केली, की लोक उदबत्ती लावत नाहीत, पश्चिमेचा वारा सुटला की नुसते हात जोडतात."

सबनीस पुन्हा हसले. अनसूसुद्धा हसली. मला बरं वाटलं.

डिमेलोंनी त्या थोड्या घडांची एक बाटली करून आणली. अनसूनं तोंडाला लावली नाही, पण पेल्यात ओतून घेतली आणि पेला नाकाशी धरून किती तरी वेळ दारात बसली. डिमेलो म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी पूर्ण माल धरा. हाच वास आला, तर कारखाना या माळाच्या द्राक्षाचा कायमचा करार तुमच्याशी करील. बाटलीवर माळाचं नाव घालू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अण्णा, तुम्ही मण्याचे राजे. पण इथं एक गोष्ट पाळा. याचा वास असतो सालीत. मणी जेवढा लहान, तेवढी साल जास्त आणि पाणी कमी. हा लहानच राहू द्यायचा. घड बुडवायचा नाही. काही म्हणजे काही करायचं नाही."

मी म्हटलं, "काही न करता शेती होते होय?"

"ही होते."

पुढचं वर्ष लागलं. दिवाळीच्या आधी छाटणी झाली, घड निघाले. चांगले भरघोस निघाले. आणि गावाची जीभ सुटली. मी सोसायटीच्या ओट्यावर जाऊन बसलो, की कुणीतरी म्हणायचंच, "रंगाअण्णा, बहिणीच्या बागेत मिरी लावली म्हणे?" दुसरा म्हणायचा, "नाही रे, मोहरी आहे. अण्णानंच फुगवून मिरीएवढी केली." दत्तू मोगल म्हणून एक होता, त्यानं तर मला चिमूटभर बाजरी आणून दिली. "अण्णा, हे घड तेवढे परवा बुडवू का तेरवा?" सगळे हसले. मीही हसलो. आता गावाचं तोंड कोण धरणार?

त्यातच सटाण्याहून निरोप आला. कविता पोटुशी होती, सहाव्या महिन्यातच दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवली होती, बाळंत होईपर्यंत उठायचं नाही म्हणून. अनसूला जावं लागलं. गाडीत बसताना मला म्हणाली, "दादा, पाणी तेवढं बघ. बाकी काही करू नको."

मी म्हटलं, "हात लावणार नाही."

आता इथून पुढची गोष्ट ऐका. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर.

मी रोज पहाटे माळावर जायचो.

"ठिबक होतं ना रे?" अनसू मधेच म्हणाली. मान वर केली नाही. "नुसता कॉक फिरवायचा होता. रोज कशाला जात होतास?"

"राखणीला."

"बरं."

राखणीला जायचो. तर एका पहाटे बघतो काय, साऱ्या तारांवर पाखरं! साळुंक्या, बुलबुल, पोपट, आणि ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशीही. एरवी जी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ती मांडीला मांडी लावून बसलेली. मी दगड उचलला. तेवढ्यात ध्यानात आलं, एकही पाखरू खात नव्हतं. एकेकानं एकेक घड धरलेला. चोच घडाला टेकवलेली, डोळे मिटलेले, आणि छाती भरून असा श्वास घेत होती! पोटं फुगली, की उडायची. उडायची ती सरळ सप्तशृंगीच्या डोंगराकडे. दुसऱ्या दिवशी गडावर सगळीकडे गुलाबाचा घमघमाट. लोक म्हणाले, देवीनं न्हाऊन केस मोकळे सोडले.

"वा!" सबनीसबाईंनी टाळी वाजवली. "म्हणजे द्राक्षं तशीच?"

"तशीच! एका मण्याला चोच लागलेली नाही. सगळा माल जागच्या जागी. नुसता वास गेला."

"तुम्ही हाकललं नाही?"

"हाकललं हो," मी म्हणालो. "पण जरा उशीर झाला होता."

ओट्यावरचा पानं खुडण्याचा आवाज थांबला होता. सूनबाई थालीपीठं घेऊन आली. सगळ्यांना वाढलं. मला खाववेना, म्हणून मी गोष्टच पुढे रेटली.

कविता सुखरूप बाळंत झाली. नात झाली. अनसू परत आली ती डिमेलो येणार होते त्याच दिवशी. एस.टी.तून उतरली आणि पिशवी हातात तशीच घेऊन माळावर गेली. मी आधीच तिथं होतो. सगळा गावही जमलेला, दत्तू मोगल पुढे. आणि काय सांगू तुम्हाला, बाग अशी दिसत होती! घड लोंबत होते. मणी टपोरे, कसे काचेच्या गोट्यांसारखे, एकाला एक खेटून. दत्तूनं मला हात जोडले. म्हणाला, "अण्णा, मानलं तुम्हाला." जर्मनीण म्हणून कुणी ओळखलं नसतं तिला. जन्मभर इतके घड पाहिले, पण तसे...

मी थांबलो. उगाच लांबण लागली होती.

"मग डिमेलो?" सबनीसांनी विचारलं.

डिमेलो बांधावरच थांबले. त्यांचं नाक ठाऊक आहे ना तुम्हाला? बांधावरच थांबले. मग हळूहळू ओळीत शिरले. एक मणी तोडला, दोन बोटांत दाबला, नाकाशी नेला. दुसरा तोडला. पार टोकापर्यंत गेले आणि परत आले. अनसूकडे बघितलं नाही त्यांनी. माझ्याकडे बघून म्हणाले, "द्राक्ष फार सुंदर आहे अण्णा. पण ही ती नाही."

अनसूनंही एक मणी तोडून पाहिला. तोंडात टाकला, चावला. मग एक घड उचलून उलटा केला आणि त्याचा देठ बघत राहिली. अंगठा फिरवला देठावरून.   घड तारेवर जसा होता तसा नीट ठेवला, जसं काही तो तुटला तर कुणाला लागेल. आणि पिशवी उचलून घराकडे गेली.

आता मला सांगा, पाखरांवर काय फिर्याद करता येते?

"आणि मग रान?" सबनीसबाईंचा आवाज खाली आला होता. "तुम्ही म्हणाला होतात ना, पिकलं तर यांचं?"

"म्हणालो होतो. हिनं मागितलंच नाही. मी म्हटलं, अनसू, अजून एक वर्ष बघ. डिमेलोही म्हणाले. तर म्हणाली, कविताचं बाळ लहान आहे, मला तिकडंच जायला हवं. त्याच आठवड्यात गेली. जाताना ट्रंकेत तो पेला तेवढा घेतला. पुढच्या वर्षी मी वेल काढले. खायच्या द्राक्षाचा थॉमसन लावला, तो मुरमात काही जोर धरेना, तोही काढला. मग बरीच वर्षं पडीकच होता माळ. नंतर सुदामनं इथं खोल्या बांधल्या. तुम्ही बसलात ना, तिथून हिची पहिली ओळ सुरू व्हायची."

सबनीसबाईंनी नकळत पाय उचलून खुर्चीवर घेतले. फरशीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हशा यायला हवा. इथं नेहमी येतो. मी पुढे सांगतो ना, की अजूनही गडावरचं एखादं म्हातारं पाखरू चुकून इकडून उडालं, तर फाट्यावर एस.टी. थांबते. ते सांगायला मी तोंड उघडलं.

पण सबनीसबाई ओट्याकडे वळल्या होत्या. "आजी, खरंच का हो? पाखरांनी वास नेला?"

अनसूनं निवडलेली मेथी परातीत एका बाजूला सारली. मांडीवरचे देठ गोळा केले. सकाळी मला ओवाळताना बोटाला लागलेलं कुंकू अजून तसंच होतं.

"नेला असेल बाई," ती म्हणाली. "पाखरांचं काय सांगावं."

मग तिनं मान वर केली आणि संध्याकाळभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"पण दादा, वास पाखरांनी नेला, तर मणी कुणी फुगवले?"